सोमवारची विकेट

ख्रिस्ती माणूस ओळखायचा झाला तर तो रविवारी ओळखायला जाऊ नये. रविवारी सगळेच ख्रिस्ती एकसारखे दिसतात. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, बगलेत पवित्र शास्त्र आणि चेहऱ्यावर, आपण या जगात चार दिवसांचे पाहुणे आहोत, असा भाव. आमच्या नगरला (२०२४ साली त्याचं अहिल्यानगर झालं, पण तोंडाचं वळण स्टेशनावरच्या पाटीइतकं लवकर बदलत नाही) रविवारी सकाळी कुठल्याही मंडळीच्या फाटकाशी जरा उभं राहून पाहावं. जो येतो तो 'सलाम' म्हणतो, हात हातात घेतो, घरच्यांची चौकशी करतो. ज्याची चौकशी चाललेली असते तो भिंतीला भिंत लावून राहत असतो, आणि आदल्याच संध्याकाळी नळावरून दोघांची चांगली जुंपलेली असते. पण रविवार तो रविवार.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर रविवारी सगळ्यांचाच फॉर्म उत्तम असतो. खेळपट्टी पाटा, गोलंदाज गैरहजर, आणि क्षेत्ररक्षक सगळे डोळे मिटून उभे. अशा खेळपट्टीवर कुणीही शतक ठोकील! खरा चेंडू पडतो तो सोमवारी. सोमवारी सकाळी आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ बसलेले आढळतात, आणि आपलाच रुमाल घेऊन घाम पुसत असतात. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपल्याला काल साडेदहाच्या सुमाराला पूर्ण पटलेलं असतं. पण शेजारी म्हणजे नेमका हा, असा खुलासा काल कुणी केलेला नसतो. इथे भल्याभल्यांची विकेट जाते. आणि सोमवारची विकेट गेली की मंगळवार, बुधवार शेपटाचे फलंदाज, ते कितीसे टिकणार? शनिवारी रात्री सगळा संघ तंबूत. रविवारी पुन्हा नवा डाव, नवा शर्ट.

आमच्या पाळकसाहेबांना या दुखण्याची पूर्ण कल्पना आहे, आणि त्यावर त्यांचं औषध म्हणजे खेळाच्या उपमा. पाळकसाहेबांनी आयुष्यात कॅरमच्या सोंगटीखेरीज कशाला बोट लावलं असेल असं मला वाटत नाही. पण उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या अंगात ऑलिम्पिक संचारतं. एका रविवारी प्रभू आपला कर्णधार असतो, दुसऱ्या रविवारी पंच, तिसऱ्या रविवारी गोलकीपर. एकदा रविवारच्या शाळेतल्या एका चुणचुणीत पोराने विचारलं, "पाळकसाहेब, मग सैतान कोणत्या टीममधला?"

"तो पाहुणा संघ," पाळकसाहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

"पण पाहुण्यांचा आदर करावा असं तुम्हीच मागच्या रविवारी सांगितलंत की!"

त्या दिवशी शाळा दहा मिनिटं आधी सुटली.

पाळकसाहेबांची थट्टा करणं सोपं आहे, पण त्यांच्या पाठीशी फार मोठा माणूस उभा आहे. हा उपमांचा नाद लावला मुळात पौलाने. पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या करिंथच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. नगरजवळ एखादी मोठी यात्रा भरावी तसा तो मामला. धावण्याच्या शर्यती, कुस्त्या, मुष्टियुद्ध, आणि चोहोकडून लोटलेली गर्दी. पौलाचा पोटापाण्याचा धंदा तंबू करण्याचा. आता एवढी गर्दी उघड्यावर झोपणार, म्हणजे चार तंबू त्याचेही खपले असतील, असा आपला माझा अंदाज. ते काही असो. पुढे करिंथकरांना पत्र लिहिताना त्याला नेमके हे खेळाडूच आठवले. या लोकांना बक्षीस काय, तर पानांचा मुकुट, जो घरी नेईपर्यंत वाळायला लागायचा. तेवढ्यासाठी ही माणसं खाणं, पिणं, झोपणं सगळं ताब्यात ठेवतात. मग न वाळणाऱ्या मुकुटासाठी तुम्ही काय करता, असा त्याचा सवाल. आपण वाऱ्याशी मुष्टियुद्ध करत नाही, असंही तो बजावतो. आणि मग एक गोष्ट अशी लिहितो की ती वाचताना उपदेशकाच्या कपाळाला घाम यावा. दुसऱ्यांना शर्यतीला बोलावून शेवटी आपणच बाद ठरू नये, याची त्याला काळजी वाटते. प्रत्यक्ष पौलाला ही धास्ती! आणि आमच्याकडे रविवारच्या शाळेत तीन वर्षं सलग हजेरीचं बक्षीस मिळालेला माणूस स्वर्गातली खिडकीजवळची जागा रुमाल टाकून ठेवतो.

उपदेशक आणि खेळाडू हे एका अंगात मावत नाहीत असंही नाही. इंग्लंडचा डेव्हिड शेपर्ड हा दीक्षा घेतलेला पाळक. १९६२-६३ साली तो इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियात कसोटी खेळला, मेलबर्नला शतकही काढलं. पण त्या दौऱ्यात त्याच्या हातून झेल सुटू लागले. तेव्हा संघातला एक वेगवान गोलंदाज त्याला म्हणे सुचवायचा की आज रविवारच आहे असं समजा आणि हात जोडलेले ठेवा. शेपर्ड पुढे लिव्हरपूलचा बिशप झाला, आणि १९७५ पासून १९९७ पर्यंत त्या जागेवर राहिला. बावीस वर्षं! हे माझ्या मते मेलबर्नच्या शतकापेक्षा अवघड. मंडळीचे लोक वेगवान गोलंदाजांपेक्षा तिरके चेंडू टाकतात, आणि त्यांना षटकाची मर्यादा नसते.

पाळकसाहेबांच्या या सगळ्या क्रीडाविषयक उपदेशावर आमच्या मामांचं एकच मत होतं. "उपमा बरोबर आहेत," मामा म्हणायचे, "फक्त ते फायनलबद्दल बोलतात. प्रॅक्टिसबद्दल बोलत नाहीत."

मामा एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते. बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना 'सावधान-विश्राम' केलं. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की त्यांनी माळीवाड्यात 'डावीकडे वळ' म्हटलं तर सावेडीतल्या म्हशींनी वळावं. ते रिटायर झाले तरी शिट्टी गळ्यातच राहिली, मामी म्हणायची, "माझं मंगळसूत्र काढलं तरी चालेल, ह्यांची शिट्टी निघायची नाही."

मामांचं म्हणणं असं, की भक्ती ही कवायत आहे. रोज करायची, थोडी करायची, आणि केल्याचं कुणाला सांगायचं नाही. याच्या उलट आमच्या मंडळीत एक जानेवारीची प्रथा आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभरात सबंध पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा निश्चय होतो. एक जानेवारीला उत्पत्तीचं पुस्तक उघडतं. उत्पत्ती कुणालाही जमतं. त्यात आदाम आहे, पूर आहे, भावाभावांची भांडणं आहेत. थोडक्यात, वेळ कसा जातो कळत नाही. निर्गमात समुद्र दुभंगेपर्यंतही ठीक चालतं. मग मंडपाची मापं सुरू होतात, इतके हात लांब आणि तितके हात रुंद, तिथे पळणारा दम खायला लागतो. आणि फेब्रुवारीच्या सुमाराला येतं लेवीय. कुठल्या यज्ञात कोणती चरबी कुठे जाळायची याची ती सविस्तर वर्णनं आली, की आमच्या मंडळीतले निम्मे धावपटू तिथेच बसकण मारतात. नगर जिल्ह्यात जितकी शास्त्रं आहेत, त्यांतल्या बहुतेकांची खूण लेवीयात सापडेल!

हल्ली तर वाचायचंही कष्ट नाहीत. पहाटे पाच वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर वचन येऊन पडतं. मागे उगवता सूर्य, बाजूला दोन कबुतरं. पाठवणारा पाठवून पुन्हा झोपतो, घेणारा जोडलेले हात पाठवून पुन्हा झोपतो. दोघांच्याही खात्यावर प्रातःप्रार्थना जमा.

"पहिली फेरी सगळेच जोरात मारतात," मामा म्हणायचे. "मैदानाच्या पलीकडच्या कडेला गेल्यावर बघ. तिथे टाळ्या ऐकू येत नाहीत ना, तिथे चालायला लागतात लेकाचे."

आणि शेवटच्या फेरीचंही काही खरं नसतं, याला मामांकडे घरचा दाखला होता. चंदू बोर्डे हे पुण्याचे, मराठी ख्रिस्ती घरातले. त्यामुळे मामा त्यांच्याबद्दल पुतण्याबद्दल बोलावं तसं बोलत. १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध बोर्ड्यांनी पहिल्या डावात १०९ काढल्या. दुसऱ्या डावात ९६ वर आले. दोन्ही डावांत शतकाला फक्त चार धावा हव्यात, समोर गिलख्रिस्टसारखा आग ओकणारा गोलंदाज, आणि बोर्डे बाद झाले ते कसे? हिट विकेट!

"गिलख्रिस्टनं नाही काढलं त्याला," मामा बोट नाचवत सांगायचे. "स्वतःच्या यष्ट्या स्वतः पाडल्या. माणूस शहाण्णववर असा जातो. सैतान बिचारा नुसता बघत उभा असतो."

पण इथे एक घोटाळा आहे. सातत्य, सातत्य म्हणून आपण ज्याची एवढी आरती ओवाळतो, ते नेहमी चांगलंच असतं का? आमच्या मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांचं मला उदाहरण माहीत आहे. यांचा मंडळीच्या कंपाउंडातल्या एका चिंचेच्या झाडावरून वाद. झाड कोणाच्या हद्दीत, हा प्रश्न. दावा लागला तेव्हा झाडाला चिंचा येत होत्या. पुढे झाड वाळलं, पडलं, त्याचं जळण झालं, त्यावर कुणाच्या तरी लग्नाचं जेवण शिजलं, दावा चालूच. दोघंही तारखेला कधी चुकले नाहीत. उपासनेलाही कधी चुकले नाहीत. एक डाव्या बाजूच्या बाकावर, एक उजव्या, आणि मध्ये प्रभूच्या प्रार्थनेतली ती क्षमेची ओळ दोघांनी अठरा वर्षं खणखणीत आवाजात म्हटली. याला सातत्य नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

याचं उत्तर मला एका धावपटूकडे सापडलं. एरिक लिडेल. १९८१ साली 'चॅरियट्स ऑफ फायर' नावाचा सिनेमा आला, त्यामुळे आमच्या पिढीला हा माणूस ठाऊक झाला. स्कॉटिश मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म १९०२ सालचा, चीनमधला. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी निघाली. लिडेलची ती हक्काची शर्यत. तो म्हणाला, रविवारी मी पळत नाही. सिनेमात ही बातमी त्याला बोटीवर चढताना कळते. खरं म्हणजे ती त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होती. पण कित्येक महिने शांतपणे 'नाही' म्हणत राहण्याचं दृश्य सिनेमात दाखवणार कसं? आणि खरी ताकद तर त्याला लागते. बोटीवरचं 'नाही' एकदा म्हटलं की झालं. हे 'नाही' रोज सकाळी उठून नव्याने म्हणायचं होतं. त्या काळात त्याने चारशे मीटरचा सराव केला, आणि ११ जुलैला ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. नवा विश्वविक्रम. दोनशे मीटरला ब्राँझ मिळालं ते वेगळंच.

आमचे पाळकसाहेब गोष्ट इथे संपवतात आणि पुढच्या गीताचा नंबर सांगतात. पण गोष्ट खरी सुरू होते ती इथून. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, हा गृहस्थ सगळी वाहवा मागे टाकून चीनला गेला आणि शाळेत मास्तर झाला. (मास्तर म्हटल्याबरोबर मामांची छाती दोन इंच फुगायची.) पुढे युद्ध आलं. १९४३ साली जपान्यांनी परदेशी लोकांना धरून वेह्सियनच्या छावणीत कोंडलं, त्यांत लिडेल. छावणीत अन्न कमी, जागा कमी, आणि पोरं पुष्कळ. लिडेल त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. अर्थात रविवार सोडून. मग एका रविवारी पोरांनी आपली आपणच हॉकी मांडली. पंच नाही, व्हायचं तेच झालं, खेळाची मारामारी झाली. आणि पुढच्या रविवारी काय व्हावं? ज्याने रविवारसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो एरिक लिडेल रविवारी मैदानात उतरला, पोरांच्या हॉकीचा पंच म्हणून!

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. चिंचेवाल्या दोघांपैकी कुणी तिथे असतं, तर त्यांनी लिडेलला मंडळीतून काढण्याचा ठराव मांडला असता. पण विचार केला की कळतं, हा माणूस यत्किंचितही बदललेला नाही. पॅरिसमध्ये पळला असता तर ते स्वतःसाठी, स्वतःच्या पदकासाठी. ते त्याने प्रभूसाठी सोडलं. छावणीत उतरला तो पोरांसाठी, तेही प्रभूसाठीच. नियम दोन दिसतात, पण माणूस एकच. चिंचेवाल्यांचा नियम एकच होता, आणि माणसं मात्र रविवारी एक, सोमवारी एक. लिडेल त्या छावणीतच २१ फेब्रुवारी १९४५ ला गेला. मेंदूत गाठ होती. वय त्रेचाळीस. युद्ध संपायला सहा महिने उरले होते.

मामांना मी ही हॉकीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विवेक हजारे माहीत आहे का तुला?"

"विजय हजारे म्हणायचंय का तुम्हाला?"

"विजय सगळ्यांनाच माहीत आहे. विवेक म्हणतोय मी."

विजय हजारे सांगलीचे. आमच्या मराठी ख्रिस्ती घराघरांतून हे नाव आजही जरा मान ताठ करून घेतात. १९४८ साली ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार तेच. पण मामांना सांगायची होती ती त्याच्या आधीची, डिसेंबर १९४३ ची गोष्ट. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे चार संघ, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा पाचवा, 'द रेस्ट'. ख्रिस्ती त्यात. उरलेसुरले म्हणा ना. अंतिम सामना ब्रेबर्न स्टेडियमवर, हिंदू विरुद्ध उरलेसुरले. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्ट पहिल्या डावात सर्वबाद १३३. फॉलोऑन. दुसऱ्या डावातही पाच गडी स्वस्तात गेले. तेव्हा विजयना साथ द्यायला आला त्यांचाच भाऊ विवेक.

मग दोघा भावांनी तीनशे धावांची भागी केली. सबंध डाव ३८७ चा. त्यात विजय हजाऱ्यांच्या ३०९.

"आणि विवेकच्या किती, माहीत आहे?" मामांनी विचारलं. "एकवीस."

तीनशेच्या भागीत २१! मामा हे असं सांगायचे की जणू ते एकवीस त्यांनी स्वतः मोजले होते. "टाळ्या विजयला. फोटो विजयचा. आणि हा समोर नुसता उभा. चेंडू आला की अडवायचा, सुटला तर पुढच्या चेंडूला गार्ड घ्यायचा. हा गेला असता तर विजयचे तीनशे नऊ कुठून होणार होते? आणि एवढं करून सामना काय झाला? हरले. एक डाव आणि एकसष्ट धावांनी हरले."

हे मामा मला का सांगत होते, ते समजायला मामीबद्दल सांगितलं पाहिजे.

मामांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, चारपाच शब्द उरले, त्यांतला एक 'शिट्टी'. मूलबाळ जवळ नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षं मामांनी ते घर चालवलं. उठवणं, धुणं, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. आयुष्यभर ज्या हाताने लेझीम शिकवली, त्या हाताने ते वेणी घालायला शिकले. पहिली वेणी अशी काही वाकडी आली की मामीने आरशात पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने हसली. मामा म्हणाले, "हसायला काय झालं? उद्या सरळ येईल." दुसऱ्या दिवशी नाही आली. पण महिन्याभराने मामांच्या हातची वेणी पाहून गल्लीतल्या पोरी आयांना म्हणू लागल्या, आम्हाला तशी घाल.

डॉक्टरांनी मामीच्या हाताला व्यायाम सांगितला होता. मामांनी कपाटातून जुना टेनिसचा चेंडू काढला. रोज सकाळी मामीच्या उजव्या मुठीत तो ठेवायचा, आणि 'एक-दोन-तीन-चार' म्हणत बोटं दाबायची. आकडे शाळेच्या पटांगणातल्याच आवाजात. शेजारपाजारचे लोक त्या आवाजावर घड्याळं लावायचे. सात महिने त्या चेंडूने मुठीतून हालायचं नाव घेतलं नाही. मग एक दिवस मामीने तो फेकला. म्हणजे फेकला कसला, बोटांतून सुटला आणि दोन फुटांवर बसलेल्या मामांच्या गुडघ्याला लागला. मामा असे काही ओरडले "हाउज दॅट!" म्हणून, की काही बरंवाईट झालं समजून अर्धी गल्ली धावत आली. बघतात तो मामा पलंगाशेजारी बोट वर करून उभे, स्वतःच स्वतःला बाद दिलेले, आणि मामीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, कंटाळा नाही येत?"

"येतो की. रोज येतो." मामा मामीचं पांघरूण सारखं करत होते. "मागच्या आठवड्यात ताट आपटलं मी. ही भरवून घेईना, मी आपटलं. मग फरशी पुसली आणि दुसरं वाढून आणलं. कंटाळा आला म्हणून कुणी बॅट टाकून तंबूत जातं का रे? पंचाने बोट वर करेपर्यंत उभं राहायचं."

आता गंमत अशी, की या अकरा वर्षांत मामा मंडळीत फारसे दिसायचे नाहीत. घरकामाच्या बाई रविवारी सुट्टी घ्यायच्या, आणि मामीची अंघोळ, जेवण सगळं त्या दिवशी मामांवर एकट्यावर. म्हणजे आठवड्यातून नेमकी उपासनेचीच वेळ त्यांना मोकळी नसायची. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी यायचे. (आले की खेळाच्या उपमा देत नसत, हेही इथे नमूद केलं पाहिजे.) पण नियम तो नियम. वार्षिक सभेत हजेरीचं वाचन झालं. मामा पूर्वी मंडळीच्या कमिटीवर होते. इतके महिने गैरहजर म्हणून त्यांचं नाव कमी झालं. ठराव मांडला चिंचेच्या डाव्या बाजूने, अनुमोदन दिलं उजव्या बाजूने. अठरा वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेला तो पहिला ठराव!

मामी गेली ती एका सोमवारी. पहाटे, झोपेत. दफनाला सगळी मंडळी होती. परत आल्यावर ओसरीवर बसलो. कुणीतरी म्हणालं, मास्तर, धन्य तुमची, अकरा वर्षं केलंत. मामांनी मान हलवली.

"मी काय केलं? स्ट्राइक तिच्याकडे होता," मामा म्हणाले. "मी आपला दुसऱ्या टोकाला उभा होतो."

त्यावर कुणी काही बोललं नाही.

पौलाने शेवटी शेवटी तीमथ्याला जे लिहिलं, त्यात आपण धाव पूर्ण केल्याचं तो सांगतो. पहिला आलो असं कुठे म्हणत नाही. पूर्वी मला ते वाचताना काही विशेष वाटत नसे. हल्ली वाटतं. सातत्याने ख्रिस्ती राहणं म्हणजे रोज शतक काढणं असा आपला समज असतो, आणि म्हणून आपण लेवीयाच्या आसपास बसकण मारतो. शतकं काढणारे असतात, त्यांनी काढावीत. बाकीच्यांनी ताट आपटलं तर फरशी पुसावी, दुसरं ताट वाढावं, आणि पुढच्या चेंडूला गार्ड घ्यावा. त्यातून २१ झाल्या तरी पुष्कळ झाल्या.

यंदा मंडळीच्या जुन्या वह्या आवरायचं काम माझ्याकडे आलं. त्यांत त्या वर्षांचं हजेरीपुस्तक निघालं. मामांच्या नावापुढे चिटणीसांनी तांबड्या शाईने लिहिलेलं, 'अनियमित'. मला राहवेना. वही घेऊन मामांकडे गेलो. मामा आता ब्याऐंशीचे आहेत, चष्मा कपाळावर, शिट्टी गळ्यात. त्यांनी तो शब्द वाचला, आणि असे हसले की शिट्टी हलली.

"खोडू का मी हे?" मी विचारलं.

"कशाला?" मामा म्हणाले. "स्कोअररला त्याच्या खुर्चीवरून जेवढं दिसतं, तेवढं तो लिहितो. त्याची काय चूक? बस, चहा टाकतो."